स्वल्पच, अक्का

"स्वल्पच, अक्का," असं मला म्हणत ते स्वतःच्या मुलीच्या पेल्यात ब्रँडी ओतत. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती.

एचएसआर लेआउट या वसाहतीत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. घराणं इथलंच, जुनं. मराठीत निम्मं कानडी. सगळी इमारत त्यांना अण्णा म्हणे. लिफ्ट बंद पडली की म्हाताऱ्यांच्या पिशव्या चार मजले वाहून नेत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याला चार शब्द सुनावायला जीभ रेटत नाही.

बायको वारल्यावर रविवारी त्यांच्याकडे मंडळी जमायची. मुलीला पाजून ते पाढे म्हणायला लावत. सत्तावीसच्या पाढ्यात ती अडखळली की सगळे हसत. पहिल्या रविवारी मीही हसले.

"घरात घेतली की बाहेर चोरून घेणार नाही," असं ते समजावत.

ती माझ्याकडे गणिताला येई. तेराव्या वर्षी मी उदाहरण मांडायच्या आत उत्तर सांगायची. सोळाव्या वर्षी कालचं सूत्र आज आठवेना. मग एक दिवस तिच्या दप्तरातच बाटली सापडली.

मी दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "या वयात मेंदू अजून घडत असतो. दारूनं स्मरणशक्तीवर परिणाम होतो, स्वतःला आवरणं जमत नाही. आजच थांबवा."

जिना उतरताना अण्णा म्हणाले, "घाबरवतात हो. मला माझ्या वडिलांनी पाजली. मला काय झालं?"

सकाळचे अकरा वाजले होते. त्यांच्या तोंडाला वास येत होता.

शेवटी मुलीनंच होसकोटेच्या आत्याला फोन केला, "मला घेऊन जा. इथं सुटणार नाही."

आत्या आली, तेव्हा अण्णांनीच बॅग गाडीत ठेवली. मुलीच्या केसांवरून हात फिरवायला गेले, तर ती नाक दाबून मागे सरली.

गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "अक्का, मी वाईट बाप आहे का?"

"हो," मी म्हणाले. "आणि आम्ही हसत बसलो."

महिन्याभरात ते जागा सोडून गेले. मुलीचा फोन येतो. सूत्रं तीन-तीनदा लिहिली की लक्षात राहतात, म्हणते. वडिलांचं विचारत नाही. गाडी वळेपर्यंत हात वर करून उभा राहिलेला तो माणूस मला मात्र दिसतो, आणि कीव यायच्या आत किळस येते.