तुरटीचा लेगब्रेक

गल्लीत त्याला सगळे मनगटराव म्हणत आणि हे नाव त्याने स्वतःच खपून रुजवलं होतं. धंदा सलूनचा. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे गिऱ्हाइकांसाठी बाक. आरशाच्या वर, जिथे इतर लोक देव टांगतात, तिथे जगातले थोर लेगस्पिनर वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेले. पिवळे पडले होते बिचारे, पण हात सगळ्यांचे वर होते.

गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लागला की प्रवचन सुरू व्हायचं. तुरटीचा खडा उचलायचा. वर दोन बोटं, तिसरं दुमडून खाली, आणि "मनगट असं!"

"फास्ट बोलर काय, अंगाने खेळतो. लेगस्पिनर मनगटाने विचार करतो. ही विद्या आहे, सगळ्यांना नाही देता येत."

दुसऱ्या हातात वस्तरा असल्यामुळे आजवर कुणी वाद घातला नव्हता.

वर्षातून एकदा त्यांच्या गल्लीची पलीकडच्या गल्लीशी मॅच व्हायची. तीत मनगटरावांना एक ओव्हर मिळायचीच, कारण कॅप्टन होता कोपऱ्यावरचा मेडिकलवाला आणि त्याची मान दर पंधरा दिवसांनी यांच्याच हातात असायची. थोरांचा वारसा मनगटरावांकडे आला होता खरा, पण सगळा नाही. ते लोक मार खायला घाबरत नसत, एवढाच भाग त्यांनी पुरता उचलला होता.

यंदा मेडिकलवाल्याने धीर केला. डोळे मिटून, फेसातूनच म्हणाला, "मनगटराव, राग मानू नका. या वेळीही ओव्हर धुतली गेली, तर पुढच्या वर्षी तुम्ही स्कोअर लिहा."

वस्तरा थांबला. "मी? पेन्सिल घेऊन बसू?"

"पोरं कुरकुरतात हो."

त्या दुपारी मनगटराव दुकानामागच्या घराच्या अंगणात आले, तर कॉलेजात जाणारी त्यांची लेक भिंतीवर तुरटीचा खडा टाकत होती. खडा पडायचा आणि झटकन वळायचा. तीच बोटं, तोच झटका. बापाचा ऊर भरून येणार, तेवढ्यात त्यांना हात दिसला.

"डाव्या हाताने?"

"मग काय! लहानपणापासून बाकावर बसून बघतेय. तुमची तर पाठ असायची माझ्याकडे. आरशात हात दिसायचा तो अगदी माझ्या हातासारखा. मी डावरीच ना, सोपं गेलं."

"अगं पण हा उलटा वळतोय! दुकानातल्या भिंतीवरचे काय म्हणतील?"

"ते भिंतीवर आहेत, बाबा. पण वळतोय ना?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, घरात एकाचा तरी वळू दे."

मॅचच्या दिवशी टीममधला बेकरीवाला तापाने आडवा झाला, म्हणून अकरावी खेळाडू लेक. मेडिकलवाल्याने मनगटरावांची नजर इतक्या वेळा चुकवली की शेवटी सगळ्यांच्या ओव्हरी संपल्या आणि शेवटची तेवढी उरली. पलीकडच्यांना हवे होते वीस रन. ते काही होत नाहीत, असं म्हणून त्याने चेंडू दिला.

पाच चेंडूंत अठरा गेले. एक चेंडू तर विकेटकीपरने झोपून चुकवला.

आता एक चेंडू, दोन रन. मनगटराव उभे राहिले. बॅट सरसावून हसणारा फलंदाज त्यांना दिसला, कपाळावर हात मारून बसलेला मेडिकलवाला दिसला. मग मागे वळले, तर लाँगऑनला उभी लेक दिसली. ती कुणाकडेच बघत नव्हती. डाव्या हाताची बोटं नुसतीच हवेत फिरवत होती. तिसरं दुमडून, खाली.

"आई गं!" मनगटराव खाली बसले. "मनगट गेलं."

ज्याने तीस वर्षं त्या मनगटाचा तोरा मिरवला, त्याच्या तोंडचं हे वाक्य ऐकून पंचांनाही वाईट वाटलं. गोलंदाज जायबंदी, तर ओव्हर दुसऱ्याने पुरी करायची.

"लेकीला द्या," ते कण्हत म्हणाले. "घराण्यातच राहू दे."

फलंदाजाच्या डोक्यात अजून बापाचेच चेंडू होते. ऑफस्टंपाबाहेर पडलेला पाहून त्याने बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी बॅट लांब फिरवली. चेंडू उलटा आत आला आणि मधला स्टंप घेऊन गेला. लोकांनी मुलीला उचललं. दुखरं मनगट सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतं, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलवाला दाढीला आला, तेव्हा मनगटरावांच्या हाताला त्याच्याच दुकानातलं क्रेप बँडेज होतं.

"थोर लेगस्पिनरांचं हेच होतं बघा," ते फेस लावत म्हणाले. "मनगट साथ सोडतं. मग पुढच्या पिढीला द्यायचं."

तुरटीचा खडा फळीवर नव्हता. मागच्या अंगणातल्या भिंतीवर टक् टक् आवाज चालू होता.

मेडिकलवाल्याने जरा निरखून पाहिलं. "मनगटराव, काल उजवं लचकलं होतं ना? बँडेज डाव्याला आहे."

"उजव्याला बांधलं तर दाढी कशाने करू?" ते बोलून गेले, आणि लगेच सावरले. "आरशात बघा. उजवंच दिसतंय ना?"

वस्तरा गळ्यापाशी आला होता.

"उजवंच," मेडिकलवाला म्हणाला.