हिवाळी गाण्याचा पुरावा

ज्या पक्ष्यावर मी उमेदीची वर्षे खर्च करते आहे त्याचे नाव येथे देत नाही. दिले, तर येत्या रविवारी आरे कॉलनीत गाडी लावायला जागा उरणार नाही. एवढेच सांगते, की तो कस्तूर कुळातला आहे, रंगाने ओल्या पाचोळ्यासारखा आहे आणि हिमालयातल्या उंच, दाट जंगलात घरटे करतो. त्याच्यावर फारसा अभ्यास झालेला नाही. तो दुर्मीळ आहे म्हणून, असे पुस्तके सांगतात. तो दिसायला सुमार आहे म्हणून, असे माझे मत आहे. वाघांवर काम करते म्हटले, की लोक जेवायला बोलावतात. तपकिरी पक्ष्याच्या गाण्यावर काम करते म्हटले, की विचारतात, “बरं, आणि नोकरीचं काय?”

गेल्या हिवाळ्यात या पक्ष्याने आरेमधल्या एका ओढ्याकाठी, म्हशींच्या गोठ्यांमागच्या बांबूत मुक्काम ठोकला. हिमालयात ज्याच्यासाठी मी जळवांना मुक्तहस्ते रक्तदान केले होते, तो आता अंधेरीतल्या आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतक्या अंतरावर पाने उलटत हिंडत होता.

हा पक्षी विणीच्या हंगामाबाहेर, हिवाळ्यात गातो का, हे कोणालाच ठाऊक नाही. माझा संशोधन-प्रस्ताव नेमक्या याच प्रश्नावर उभा होता. गातो, याचा एखादा पुरावा हाती असता, तर दोन हिवाळ्यांची शिष्यवृत्ती मिळण्याची बरीच शक्यता होती. मुलाखत सोमवारी होती आणि पुरावा शून्य होता.

शनिवारी पहाटे मी ओढ्यावर पोहोचले, तेव्हा छायाचित्रकारांचा मेळा भरलाच होता. त्यांचे पुढारी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. अंगावर नखशिखान्त लष्करी ठिपक्यांचे कपडे, जणू पक्षी नव्हे, शेजारचे राष्ट्र टिपायचे आहे. पहाटेच्या शुभेच्छांपासून पक्ष्याच्या ठिकाणापर्यंत सर्व काही त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून वाटले जाई. त्यांच्या कुजबुजीपासून दूर राहावे म्हणून मी ओढा ओलांडून पलीकडे ध्वनिमुद्रण यंत्र लावले.

आणि तो गायला. बांबूच्या बेटातून, स्वच्छ, पुन्हा पुन्हा. मी तिथूनच माझ्या मार्गदर्शक मॅडमना कळवले. त्यांनी दुपारपर्यंत माझ्या सादरीकरणाची पहिली स्लाइड बदलून ठेवली होती.

रविवारी घरी मी त्या गाण्याचे आलेख काढले. प्रत्येक वेळी गाणे तंतोतंत तेच होते. तसूभरही फरक नाही. जिवंत पक्षी असे कधी गात नाही, हे मला माहीत होते. पण हवे ते उत्तर मिळाले, की शास्त्रज्ञाची शंकेखोर वृत्ती रजेवर जाते. मी हे त्या पक्ष्याच्या शिस्तीचे लक्षण मानले आणि आवाज वाढवला.

“सर्दी झालीय का गं?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “मघापासून शिंकतेयस. काढा टाकू?”

“मी नाही शिंकले.”

“मग काय, तुझा पक्षी शिंकला?”

मी मुद्रण मागे नेले. प्रत्येक गाण्याच्या आधी, पार्श्वभूमीला, एक अस्फुट शिंक होती. माझी. ती मी हिमालयात, याच पक्ष्याचे उन्हाळी गाणे मुद्रित करताना शिंकले होते. विज्ञान सर्वांना खुले असावे या उदात्त भावनेने ते मुद्रण मी शिंकेसकट इंटरनेटवर ठेवले होते.

मी काकांना फोन लावला. “काका, काल तुम्ही त्याचा आवाज लावला होता का?”

“लावला म्हणजे काय! त्याशिवाय बाहेर येतो का तो? स्पीकर बांबूतच लपवला होता. नेटवर झकास रेकॉर्डिंग मिळालं. कोणीतरी मुलगी आहे, मध्येच शिंकते बिचारी, पण आवाज एकदम क्लिअर. तुला पाठवू?”

मी आभार मानून नको म्हटले. मग मॅडमना सांगितले.

त्यांनी विचारले, “कोणाकोणाला कळलंय हे?”

“आईला.”

काकांना स्वतःची करामत कळलेली नव्हती. परीक्षक स्लाइडवरचा आलेख पाहणार होते, मुद्रण ऐकणार नव्हते. ती शिंक कापून टाकायला मला निमिषभरही लागले नसते. हा हिशेब आम्ही दोघींनी फोनच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे केला असावा.

“काढ ती स्लाइड,” मॅडम शेवटी म्हणाल्या. “आणि का काढलीस, ते विचारायच्या आधीच सांग.”

सोमवारी मी सांगितले. काका, बांबूतला स्पीकर, सगळे. एक परीक्षक हसले, दुसरे हसले नाहीत. त्यांनी विचारले, “म्हणजे हा पक्षी हिवाळ्यात गातो की नाही?”

“माहीत नाही, सर. मी उन्हाळ्यात शिंकते, एवढेच सिद्ध झाले आहे.”

निर्णय पंधरवड्याने आला. गाण्याच्या प्रश्नासाठी पुरावा अपुरा असल्याने तो प्रस्ताव नामंजूर. मात्र पक्ष्यांना असे आवाज ऐकवल्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, हे पाहायला एक हिवाळा मंजूर. थोडक्यात, कस्तुराऐवजी मी आता काकांचा अभ्यास करायचा होता.

त्यांची संमती आवश्यक होती. मी फोन केला आणि त्यांच्या प्रत्येक फेरीत सोबत येऊन नोंदी घेऊ का, असे विचारले.

“ये की, बिनधास्त ये,” काका म्हणाले. “फक्त पांढरे कपडे घालू नकोस हं. पक्षी बुजतात.”