गप बसलेली पट्टी

भोरच्या नसीमआपा स्वतः लिहिलेलं प्लगइन, म्हणजे वेबपानात चिकटवायचा प्रोग्रामचा तुकडा, स्वतःच्या पानावर कधीच तपासत नसत. कापूरहोळच्या ढाब्याचं मेन्यूकार्ड, शाळेचं निकालाचं पान, कुणाचंही गचाळ पान उचलायच्या आणि त्यात ते चिकटवून बघायच्या. "माहेरी समद्याच लेकी शहाण्या," म्हणायच्या, "सासरी टिकली तर खरी."

जेक्वेरी नावाच्या वेबसाधनात लिहिलेला तुकडा कुठल्याही पानात टाकला तरी चाललाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 'इशारा' हे त्यांचं प्लगइन असंच तालुकाभर पसरलं. पानाच्या डोक्यावर लाल पट्टी, कडेला ती बंद करायची फुली. धरणाचं पाणी सोडणाऱ्या कचेरीनंही ते उचललं. फुकट होतं, विचारायचं कशाला?

लोकांची तक्रार आली: फुली मारली तरी पट्टी परत येते, डोकं उठतं. आपांनी फुली लक्षात ठेवायची सोय केली आणि तिथंच चुकलं. मोबाईल 'पट्टी बंद' एवढंच लक्षात ठेवी. कुठली सूचना बंद केली, ते नाही. उत्रोलीच्या बबनतात्यांनी धरणावरचा रस्ता बंद असल्याची पट्टी घालवली. पुढं पाणी सुटल्याची पट्टी त्यांना दिसलीच नाही. मोटर काढायला नदीत उतरलेले तात्या लोंढ्यातून कसेबसे काठाला लागले.

आपांनी त्याच दिवशी चूक दुरुस्त केली आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मला घेऊन कचेरी गाठली. तिथली जुनी प्रत कचेरीनंच बदलायची होती. साहेब म्हणाले, "चाललंय की, मॅडम! चालत्या गाडीला खीळ कशाला घालताय?"

"चालत न्हाई साहेब, गप बसलंय," आपा म्हणाल्या. "आन् गप बसलेलं लई वंगाळ."

मी संतापून साहेबांविरुद्ध पत्रकं छापली. आपांनी मलाच झापलं. "साहेबाला शिव्या मागनं घाल. आदी काठावरच्या लोकांना सांग, फुली मारू नका म्हणावं."

उन्हाळ्यात आपा वारल्या. कचेरीतली प्रत तीच राहिली.

परवा मी कचेरीत साहेबांच्या टेबलावर दोन मोबाईल शेजारी ठेवले, एक तात्यांचा, एक माझा. दोन्हींवर कचेरीचं पान उघडलं. माझ्यावर लाल पट्टी आली: 'पाणी सोडण्यात आले आहे.' तात्यांचं पान कोरं.

साहेबांनी लाल पट्टीवर बोट ठेवलं. "दिसतंय की!"

खिडकीतून नदी दिसत होती. धुणं घेऊन बायका पात्रात उतरत होत्या. मी दोन्ही मोबाईल तिथंच टाकले आणि ओरडत पळत सुटलो.