चित्र हरवलं तर

उसाअभावी कारखाना सलग दुसऱ्या वर्षी बंद राहिला. भोंगा नाही, गव्हाणीत मोळ्या पडल्याची धडधड नाही. तापलेल्या पत्र्यांचा आणि जुन्या मळीचा वास तेवढा आवारात रेंगाळत होता. ड्रॉइंग रूमच्या खिडकीतून पांढरं ऊन दिसायचं आणि त्याच्याकडं बघता बघता महानंदाचे डोळे अर्धवट मिटायचे.

सिरसाळ्याच्या धोंडप्पा दुकानदाराची ही मुलगी आयटीआयमधून आरेखक होऊन या सहकारी कारखान्यात लागली, त्याला बराच काळ लोटला होता. लग्न झालं नाही. त्याचं फारसं दुःखही तिनं केलं नाही. रेघ ओढताना जग हळू होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं.

वर्कशॉपचे प्रमुख शिवलिंगप्पा एका दुपारी येऊन सांगून गेले की, दुष्काळातल्या जनावरांच्या छावण्यांना पाण्याचे पत्र्याचे हौद हवेत आणि बसून असलेली माणसं ते करतील. पण कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी ती एकटीच. तेव्हा चार जणांना तिनं कॅड, म्हणजे ते नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, शिकवावं, आणि बघून बघून करता येईल असं चित्रांचं पुस्तक आधी तयार करावं.

महानंदा लांब टेबलावर कोरे कागद पसरून बसली. आपण कधी माऊस धरलाच नाही असं समजून ती पडद्याकडं बघायची. मग तो काळा पडदा नांगरून ठेवलेल्या रानासारखा दूरवर पसरत जायचा, आणि कुठून आत शिरावं हेच कळायचं नाही. आधी रेघ, मग चौकोन, मग मापं, असं तिनं ठरवलं. एका पानावर एकच चित्र, खाली एकच वाक्य; हात जिथं न्यायचा तिथं लाल बाण. कधी एका बाणाच्या जागेवरच सगळी दुपार विरघळून जायची.

पहिला शिकायला आला आश्रुबा, वजनकाट्यावरचा पन्नाशीचा माणूस. पानं उलटत त्यानं हौदाचा चौकोन काढला, आणि स्वतःशीच हसला. महानंदा माठातलं पाणी आणायला गेली. परत आली तर खुर्ची रिकामी आणि पडदा काळा.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही; तिसऱ्याही नाही. शेवटी तीच छावणीवर गेली. बाभळीच्या विरळ सावलीत तो आपल्या बैलांपाशी बसला होता. तिला बघून उठला, पण नजर वर केली नाही.

"बाई, म्या काई दाबलं न्हाई. निस्तं ते चाक फिरलं, अन् हौद बारीक बारीक होत गेला. मग दिसंनाच. तुमचं समदं काम माज्या हातानं गेलं."

तो चौकोन आत खोल खोल जाताना तिला दिसला; दिवसाउजेडी मावळणाऱ्या चांदणीसारखा. या माणसानं तो एकट्यानं जाताना पाहिला होता, आणि तिच्या पुस्तकात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"गेलं नाही काका," ती म्हणाली. "आपण लांब गेलो. चित्र तिथंच आहे."

त्याला खरं वाटलं नाही, पण तो आला. महानंदानं त्याचं बोट माऊसच्या चाकावर ठेवलं आणि लागोपाठ दोनदा दाबायला सांगितलं. हौद पडदाभर उभा राहिला. आश्रुबा कितीतरी वेळ चाक फिरवत हौद घालवत राहिला आणि परत आणत राहिला. महानंदानं त्याला थांबवलं नाही.

मग तिनं पुस्तकाची आखणी बदलली. रेघ मागं गेली. सगळ्यात आधी आलं ते एक काळं पान, मधोमध जेमतेम दिसणारा ठिपका, आणि खाली एवढंच : चित्र हरवलं तर घाबरू नका, चाक दोनदा दाबा. शिवलिंगप्पांना हे उलटं वाटलं. शिकायच्या आधीच हरवायचं काहून, असं त्यांनी विचारलं. पण आश्रुबाच्या शेजारी थोडा वेळ बसल्यावर त्यांनी पान तसंच राहू दिलं.

उन्हाळा सरायच्या आत आश्रुबाच्या नकाशावरून पत्रा कापून केलेला पहिला हौद छावणीत गेला. पुस्तकाच्या प्रती काढाव्या लागल्या. कॅन्टीन बंद पडल्यामुळं रिकाम्या बसलेल्या केसरबाईही एक प्रत घेऊन आल्या, आणि पदर सावरत खुर्चीवर बसल्या. यावर घर काढता येतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. बांधायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं.

महानंदानं खिडकीचा पडदा ओढला. खोलीत गारवा उतरल्यासारखा झाला.

"दार कुठं हवं, तिथून सुरू करू," ती म्हणाली.