अंगणातल्या सात फिक्या फरश्या

फतेगंजच्या मागच्या बाजूला आमचं बैठं घर होतं. पुढे मातीचं अंगण, त्यात सासऱ्यांचे गुलाबाचे वाफे. नव्वदीची अखेर असेल. घरात पहिली गाडी आली आणि ती उभी करायला जागा हवी म्हणून यजमानांनी अंगणात कोटा फरशी घालायचं ठरवलं. मामंजींना ते मान्य नव्हतं. ते जुन्या दरबारी नोकरदारांच्या घरातले, आयुष्यभर कोर्टात शिरस्तेदारी केलेले. वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुमची सोय बघा," एवढंच म्हणाले. ज्या दिवशी वाफे उकरले त्या दिवशी ते सकाळीच बाहेर पडले आणि दुपारी जेवायलाही उशिरा आले.

यजमान सावली गावाकडच्या कारखान्यात पाळीवर जायचे, मी शाळेत शिकवायचे. त्यामुळे काम बघायला घरात मामंजीच असत. गवंड्याला आमच्याकडे सगळे गुजरातीत कडिया म्हणतात. आमचा कडिया चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस होता. त्याने आठवड्याभरात फरशी बसवली. निळसर हिरवी, अगदी एकसारखी. मला ती फार आवडली होती.

पंधरा दिवसांनी शाळेतून आले तर पायऱ्यांजवळच्या सात फरश्या वेगळ्या दिसल्या. फिक्या, पांढुरक्या, तेज गेलेल्या. आधी वाटलं ओल असेल, सुकेल. दोन दिवस वाट पाहिली. रंग होता तसाच. मामंजींना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "दगडच तो. एकाचा रंग एक, दुसऱ्याचा एक."

माझ्या मनात मात्र दुसरंच शिजायला लागलं होतं. मागच्या गल्लीत एक नवा बंगला होत होता आणि तिथेही हाच कडिया काम करत होता. शाळेतून येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून आले. तिथली फरशी हिरवीगार, कुठे डाग नाही. झालं, माझी खात्री पटली. आमच्या चांगल्या सात फरश्या त्याने तिकडे नेल्या आणि तिकडचा टाकाऊ माल आमच्या पायऱ्यांशी बसवला. पंधरा दिवस तो पांढरेपणा मला कसा दिसला नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. उलट जुन्या गोष्टी आठवू लागल्या. एकदा तो हातगाडी घेऊन आला होता, ती कशाला? माझ्याशी बोलताना नजर का चुकवायचा?

यजमान म्हणाले, नीट विचार त्याला. मी नीट विचारलं नाही. त्याला बोलावलं आणि दारातच म्हटलं, की दगड बदललास, हे मला कळलंय.

तो उकिडवा बसला, फिक्या फरशीवरून तळवा फिरवला, मग शेजारच्या चांगल्या फरशीवरून. म्हणाला, "बेन, हाथ फेरवी जुओ." मी हात फिरवला. फिकी फरशी खरखरीत लागत होती. त्याने माझ्याकडे लिंबू मागितलं. मला वाटलं हा आता काहीतरी सोंग करणार, पण लिंबू आणून दिलं. भिंतीशी उरलेला कोट्याचा एक तुकडा पडला होता. त्याने त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. थोड्या वेळाने पुसलं, तर तिथे तसाच पांढुरका, निस्तेज डाग. "दगड एक ज छे," तो म्हणाला. "कोणीतरी यावर ॲसिड ओतलंय. घरात विचारा." एवढं बोलून तो गेला.

मामंजी व्हरांड्यातच बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझा संशय काही शमला नाही, त्याने फक्त घर बदललं. अंगण झाडायला बाई यायची. आमच्याकडे सहा वर्षं होती. तिला मी विचारलं, पण असं, की उत्तर मला आधीच ठाऊक आहे. ती म्हणाली, बाथरूमची ॲसिडची बाटली तुम्ही कुलपात ठेवता, मी कुठून आणू? हे खरं होतं. तरी मी म्हटलं, "बाहेरही मिळते." तिने केरसुणी भिंतीला टेकवली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. पुढे ती आणि मागे मामंजी. तिच्या वस्तीत ते स्वतः चालत गेले होते. मला त्यांनी अंगणातच थांबवलं.

"हिने काही केलेलं नाही," ते म्हणाले. "मी केलं."

पायऱ्यांजवळ सिमेंटचे थेंब वाळून राहिले होते. ते त्यांच्या डोळ्यांना खुपत होते. खंडेराव मार्केटजवळून त्यांनी एक बाटली आणली आणि दुपारी, घरात कोणी नसताना, ओतली. सिमेंट गेलं, आणि रंगही गेला. बाटली त्यांनी येताजाता कुठेतरी टाकून दिली.

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? ते मग म्हणाले, "सूनबाई, तू त्या कडियावर इतक्या खात्रीनं आळ घेत होतीस, की मलाही वाटायला लागलं, त्यानंच काहीतरी केलं असेल."

त्याच दिवशी ते त्या बंगल्यावर जाऊन कडियाला भेटले. तो आला, सातही फरश्या घासून पॉलिश करून गेला. जवळजवळ इतरांसारख्या झाल्या. मी त्याची माफी मागितली, पण मला ती नीट जमली नाही. "गैरसमज झाला" असं काहीतरी पुटपुटले. त्याने मान हलवली आणि थापी पिशवीत टाकली.

मामंजींबद्दल मात्र एक शंका माझ्या मनात राहिली, ती आजही पूर्ण गेलेली नाही. फरश्या खराब झाल्या त्या नेमक्या त्यांच्या गुलाबांच्या जागी होत्या. खरंच सिमेंटचे थेंब खुपत होते, की फरशीच खुपत होती? एकदा धीर करून विचारणार होते. ते हौदाशी बसून चष्मा पुसत होते. मी चहा ठेवला आणि आत आले.

पुढच्या वर्षी स्वयंपाकघराचा ओटा करायचा होता तेव्हा त्याच कडियाला निरोप धाडला. सवड नाही, असा उलट निरोप आला. बाई आमच्याकडे आणखी बरीच वर्षं राहिली. पण अंगण धुवायचं असलं, की बादली आधी माझ्यासमोर आणायची. "बेन, जोई लो, पाणी ज छे," म्हणायची, आणि मी बघेपर्यंत ओतायची नाही.