पडद्यावरची बोलणी

माझ्या मुलाने मला फसवले. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका संगणकवाल्याने त्याला साथ दिली. दोघांनी मिळून माझ्या बायकोचे शब्द भंगारात घातले आणि मला सांगितले, सगळे जपून ठेवले आहे.

कोणते शब्द, ते आधी सांगतो.

माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे कामगार होते. इंग्रजी मी शाळेत कमी आणि बाजारात जास्त शिकलो. बायको मात्र बडोद्याच्या जुन्या सरकारी अधिकाऱ्यांच्या घरातली, आजोबांपासून सगळे इंग्रजी वाचणारे. आम्ही अलकापुरीत एका तळघरात टायपिंगचे दुकान काढले. नंदेसरीच्या कारखान्यांची पत्रे, नोकरीचे अर्ज, कधी एखादा प्रबंध. पुढे टाइपरायटर मागे पडला आणि आम्ही पहिला संगणक घेतला. काळा पडदा, हिरवी अक्षरे. विकणारा भावात हलेना, तेव्हा वर काहीतरी दे म्हणून मी अडून बसलो. शेवटी वैतागून त्याने इंग्रजी तपासणारा एक प्रोग्राम फ्लॉप्यांवर भरून दिला.

पत्र लिहून झाले की हा प्रोग्राम ते वाचायचा आणि जागोजागी थांबायचा. वाक्य लांब आहे. हा शब्द झिजलेला आहे. अमुक गोष्ट कोणी केली ते लिहिलेले नाही. आमच्या गिऱ्हाइकांच्या इंग्रजीत तो ओळीओळीला अडायचा. मी त्याला शिव्या घालायचो. बायको मात्र त्याची पुस्तिका घेऊन बसली. तिला त्यात सापडले की आपल्यालाही हवे ते शब्द भरता येतात, आणि ते शब्द आले की पडद्यावर कोणती सूचना यावी, तेही आपणच लिहायचे.

त्या यंत्रात देवनागरी नव्हती. तिने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले.

‘डू द नीडफुल’ आले की पडद्यावर यायचे, “नक्की काय करायचे ते सांगा. समोरच्याला तुमच्या मनातले दिसत नाही.” अर्जात ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’ आले की, “एवढे वाकू नका, कंबर धरेल.” आणि काही सूचना फक्त माझ्यासाठी होत्या. कोणाशी बिनसले की मी कडक पत्र लिहायचो, त्यात ‘शेमलेस’ हा शब्द हमखास असायचा. तिथे यायचे, “अहो, आधी चहा घ्या.” ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. मी चिडून तिच्याकडे बघायचो, ती प्रिंटरमधला कागद सरळ करत असायची. तसली बरीच पत्रे गेली नाहीत. दुकान टिकले ते त्यामुळे, हे मी कोणाहीपुढे सांगेन.

नवे संगणक आले, दुकान वाढले, मग बंद झाले. ते पहिले यंत्र तिने घरी मागच्या खोलीत कापड घालून ठेवले होते. गेल्या वर्षी ती गेली.

महिनाभराने मी कापड काढले. सुरू होईल असे वाटले नव्हते, झाले. मी एक वाईट पत्र टाइप केले, मुद्दाम, सगळे झिजलेले शब्द घालून. प्रोग्राम थांबला आणि ती मला बोलली. मग रोज संध्याकाळी बसू लागलो. पुढेपुढे मला आठवेनासे झाले की तिने काय काय भरले होते, म्हणून मी नवेनवे वाईट इंग्रजी लिहून बघायचो. कधी काहीच यायचे नाही. कधी असे काही यायचे की ते मी आयुष्यात पाहिलेले नसायचे. एकदा ‘अलोन’ लिहिले, तर आले, “जेवून घ्या.” ते तिने कधी भरले, कोणत्या पत्रासाठी, मला माहीत नाही. विचारायला ती नव्हती.

मग यंत्र कुरकुर करायला लागले. मुलगा सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, पप्पा, बंद पडायच्या आत सगळे काढून घेऊ. मला पटले. आम्ही रिक्षात घालून ते त्या संगणकवाल्याच्या दुकानात नेले. मी दुकानदाराशी पूर्वीसारखी घासाघीस केली, पण एक गोष्ट आधी पक्की करून घेतली. पहिल्यांदा सगळे पेनड्राइव्हवर उतरवायचे, आणि मग मोबदल्यात यंत्र त्याचे. मुलगा म्हणाला, मी थांबतो, तुम्ही घरी जा, उन्हात कशाला. मी गेलो.

पेनड्राइव्ह आला. त्यात कारखान्यांची पत्रे होती, गिऱ्हाइकांचे अर्ज होते. तिची फाइल नव्हती. मुलगा तोवर बंगळूरला परतला होता. मी कितीतरी दिवस एकेक फाइल उघडून पाहिली, मला सापडत नाही असे समजून. शेवटी दुकानात जाऊन त्या माणसाचा बाजार उठवला. त्याने मला ओरडू दिले, पाणी दिले आणि मग तो हळूच म्हणाला, “काका, तमारा दीकराए ज ना पाडी हती.” तुमच्या मुलानेच नको म्हटले. यंत्र केव्हाच तोडून भंगारात गेले होते.

मी तिथूनच फोन लावला. मुलाने कबूल केले, लपवले नाही. म्हणाला, “पप्पा, तुम्ही रोज तिथे बसून आईची बोलणी खात होता. तुम्ही भाजीवाल्याशीसुद्धा भांडायचं सोडलं होतं. मला बघवत नव्हतं.”

“मग मला तसं सांगायचं.”

“तुम्ही ऐकलं असतं?”

मी फोन ठेवला. नसते ऐकले, हे खरे आहे. पण माझे बोट धरून, माझ्याच हाताने ते यंत्र त्याने दुकानात न्यायला लावले, आणि वर उन्हाचे कारण देऊन मला घरी धाडले. आयुष्यभर लोकांशी व्यवहार केले. एवढा सफाईदार व्यवहार माझ्याशी कोणी केला नव्हता. नातेवाईक म्हणतात, त्याने काळजीपोटी केले, सोडून द्या. असेल काळजी. पण ती फाइल माझ्या एकट्याची नव्हती. त्यात अजून मी न पाहिलेल्या सूचना होत्या. त्याच्यासाठीही एखादी असेल. आता ते त्यालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

तो फोन करतो, मी उचलत नाही. फोनवरचे उत्तर मला नको. त्याने बडोद्याला यावे, त्या मागच्या खोलीत माझ्यासमोर बसावे आणि सांगावे: माझे आणि तिचे बोलणे आता पुरे झाले, हे त्याने कोणाला विचारून ठरवले?