वाघचौऱ्याचा पत्ता

पनवेलहून एसटी सुटली तशी शेजारच्या गृहस्थांनी माझे नवे बूट न्याहाळले आणि विचारलं, "प्लॉट बघायला?"

"नाही, फूल बघायला."

"असं, असं," म्हणत ते खिडकीबाहेर बघू लागले. विश्वास काडीचा बसला नव्हता.

आणि तसा मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होतो? वाघचौरा हे आपल्या डोंगरातलं दुर्मीळ रानटी ऑर्किड. श्रावण-भाद्रपदात गवताळ उतारावर उगवतं. खारघरच्या माझ्या मित्राने, मधूने, त्याचा फोटो दाखवल्यापासून मला चैन नव्हतं. पिशवीत डबा होता, पाणी होतं आणि, आता लपवून काय करू, गॅलरीतल्या कुंड्यांचं खुरपंही होतं. मिळालाच तर त्याचा एखादा कांदा, म्हणजे मुळाशी असतो तो कंद, खणून आणावा, एवढाच विचार.

डोंगराखालच्या ठाकूरवाडीत साठीच्या बुधीबाई पडवीत (घरापुढच्या ओसरीवर) कंटोळी निवडत बसल्या होत्या. रानातलं सगळं त्यांना ठाऊक, असं नाक्यावर कळलं होतं.

"वाघचौरा? नाय बा. तसलं फूल आमच्याकडं नाय."

त्यांनी कोरा चहा दिला. तो पिताना टोपलीत कंटोळ्यांखाली मला मोडलेले दांडे दिसले. त्यांवर मोठी, झालरीच्या पाकळ्यांची पांढरी फुलं कोमेजली होती. माझं डोकंच फिरलं.

"मग हे काय? नर्सरीवाल्यांना विकता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "चला," म्हणाल्या.

वाट काही संपेना. एकच ओढा आम्ही दोनदा ओलांडला. बाई मला मुद्दाम फिरवतेय, असं वाटत होतं. शेवाळावरून घसरून गुडघाही फोडून घेतला. शेवटी कमरेएवढ्या गवतात त्या थांबल्या. समोर एका दांड्यावर तीन फुलं होती, पांढरीशुभ्र. मी गुडघा विसरून खाली बसलो. इतकं देखणं काही मी जवळून पाहिलंच नव्हतं.

बुधीबाई वाकल्या आणि त्यांनी तो दांडा कट्‌कन मोडला.

"अहो! काय केलंत हे?"

"फूल मोडलं तं कांदा जित्ता ऱ्हातो. फूल दिसलं का मानसं कांद्यासकट नेतात. बिनफुलाचं कुनाला वळखू येत नाय."

"मग बी कसं पडणार?"

"बीजाला वर कड्यात दोन ठेवलीत. ती तुमाला नाय दाखवायची."

"पण हे माझ्यादेखत का मोडलंत?"

"तुमी बगितलंत ना आता. नि पिशवीतलं खुरपं मला घरीच दिसलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एक फूल अंबाड्यात खोवलं आणि परतताना पुन्हा त्याच ओढ्यातून दोनदा नेलं. मी लंगडत मागून चाललो.

घरी पोचलो न पोचलो तोच मधूचा फोन. "सापडलं का? नक्की कुठे? रविवारी मीही जाऊन येतो."

मधू तीस वर्षांचा मित्र. अडीअडचणीला धावून येणारा. त्याची गॅलरी रानातल्या ऑर्किडांनी भरलेली आहे. ती तिथे कशी आली, हे मी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"नाही रे," मी म्हणालो, "तसलं फूल तिकडे नाही."